बत्तीस अंश

ऑरिन, तुझ्या चारही बॅटऱ्या मी भंगारात दिल्या.
डेमिंगच्या यार्डातल्या पोराने काट्यावर चढवल्या,
अडीचशे पौंडांना दोन कमी.
मला वाटलं होतं जास्त भरतील.
दर महिन्याला तू त्यांना पाणी पाजायचास,
रबरी फुगा दाबून एकेका घरातलं आम्ल वर ओढायचास,
म्हणायचास, हिची तब्येत बरी आहे, हिची नाही.
तीन शर्टांना कमरेशी भोकं पडली त्यात.
एक मी ठेवलाय.

नवी एकच आहे. निळी. लिथियमची.
एका हाताने उचलता येते, म्हणजे मला नाही,
युसेबियोला. तो पलीकडच्या चंदेरी गाडीतला,
जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला.
त्यानेच बसवली, आपल्या पलंगाखाली,
तुझ्या बाजूला.
तिला पाणी नको. वास नाही.
सतत पोट भरलेलंही तिला सोसत नाही म्हणे,
नव्वदावर थांबव, तो म्हणाला.
तू हे ऐकलंच नसतंस.
तुला सगळं काठोकाठ लागायचं,
टाकी काय, कॉफीचा कप काय.

रात्री मीटर बघते. तेरा पॉइंट दोन.
दिवा लावला, पंप चालवला, तेरा पॉइंट दोन.
तुझ्या जुन्या कशा तासातासाला उतरत जायच्या,
माणसाला कळायचं.
ही शेवटपर्यंत चेहरा तोच ठेवते
आणि मग एकदम अंधार.
यावर युसेबियोसमोर मी काही बोलले नाही.
त्या सकाळी तू दोन अंडी मागितली होतीस.

परवा रात्री पारा एकोणीसवर गेला.
सकाळी ऊन मात्र लख्ख, फ्लोरिडा डोंगराची धारन् धार दिसत होती.
शिडीवर चढून पॅनेलवरचं गोठलेलं दव झाडूने काढलं.
अँपिअर शून्य.
तारा पाहिल्या. फ्यूज पाहिला.
तुझ्या पद्धतीने एक लाथही घातली.
शून्य.

युसेबियो आला, टोपी काढून पलंगाखाली वाकला.
बत्तीसच्या खाली ही घेत नाही, म्हणाला.
द्यायला तयार आहे. दिवा लागेल, पंखा फिरेल.
पण घेणार नाही.
आत एक राखणदार आहे, तो दार लावून घेतो,
कारण अशा थंडीत बळंच भरलं
तर आत धातूचा थर चढतो, तो मग उतरत नाही.
म्हणजे बिघडली?
नाही, व्हर्ना. गारठलीय.

जाताना पायरीवर त्याला त्याचंच भांडं दिसलं,
तीन दिवसांपूर्वीचं पोसोले,
वर चरबीची पांढरी साय, कडेला बर्फ.
त्याने ते ओलांडलं, बोलला नाही काही.
काय बोलणार?
त्याच्या पायात तुझे बूट होते.
महिनाभर मी वाटतेच आहे,
ड्रिल, गळ, तुझी घडीची खुर्ची, सगळ्या कँपला.

मग पलंगाची फळी उघडली, शेगडीची ऊब आत जाऊ दिली.
गरम पाण्याची पिशवी
तुझ्या भोकांच्या शर्टात गुंडाळून तिला टेकवली
आणि फरशीवर बसून राहिले.
अठ्ठावीस. कितीतरी वेळ अठ्ठावीस.
तीस.
कँपमधलं कुणाचं तरी कुत्रं दाराशी येऊन गेलं.
चौतीसवर आत बारीकसं टिक् झालं,
आणि छपरावर सकाळपासून थांबलेलं ऊन
खाली यायला लागलं. दोन अँपिअर. सात. एकोणीस.
मी तोंडावर हात ठेवला. का, माहीत नाही.

भांडं आत आणलं.
नळी गोठलेली, नळाला थेंब नाही,
म्हणून सिंकखालच्या तुझ्या कॅनमधलं,
बॅटऱ्यांसाठी आणलेलं डिस्टिल्ड पाणी
कपभर घातलं आणि उकळी येऊ दिली.
मका जरा कडकच होता.
खाल्ला.